पैसे ठेवा, लागतील तेव्हा काढा : ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या गृहकर्जाची पाच वर्षे

फेब्रुवारी २०२१ मध्ये आम्ही पिंपरी-चिंचवडमधील मोशी येथे आमची पहिली सदनिका घेतली आणि त्यासाठी एका राष्ट्रीयीकृत बँकेकडून ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे गृहकर्ज घेतले. या कर्जाला आता पाच वर्षे होत आली आहेत. या काळात व्याजदर ७ टक्क्यांवरून साडेनऊ टक्क्यांपर्यंत चढला आणि पुन्हा सव्वाआठ टक्क्यांवर उतरला. म्हणजे स्वस्त आणि महाग अशा दोन्ही दिवसांत हे कर्ज आम्ही वापरून पाहिले आहे. अशी योजना बऱ्याच बँका निरनिराळ्या नावांनी देतात आणि पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ती फार आकर्षक वाटते, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

साध्या गृहकर्जात हप्ता भरला की तो गेला, आणि जास्तीचे पैसे भरले तर मुद्दल कमी होते, पण ते पैसे परत काढता येत नाहीत. ओव्हरड्राफ्ट पद्धतीत कर्जखातेच एखाद्या चालू खात्यासारखे चालते. हप्ता ठरलेला असतोच, शिवाय आपल्याकडचे शिल्लक पैसे त्याच खात्यात ठेवता येतात, आणि जितके दिवस ते तिथे असतील तितके दिवस तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. गरज पडली की ते पैसे धनादेशाने किंवा मोबाइलवरून काढता येतात. खात्याला एक कमाल मर्यादा असते, तिला बँकेत ड्रॉइंग पॉवर म्हणतात. दर महिन्याला जेवढे मुद्दल फिटायला हवे तेवढी ही मर्यादा खाली येत जाते. या सोयीसाठी आमच्या बँकेने साध्या गृहकर्जापेक्षा पाव टक्का जास्त दर लावला. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, तेव्हा ४ टक्के होता, साध्या कर्जाला त्यावर २.७५ आणि ओव्हरड्राफ्टला ३ टक्के, म्हणून आमचा दर ७ टक्के ठरला. या पाव टक्क्यात नेमके काय विकत मिळते, हा या योजनेतला कळीचा प्रश्न आहे. पहिली दोन वर्षे आम्हाला त्याचे उत्तर नीट माहीत नव्हते.

आधी आमची परिस्थिती सांगितली पाहिजे, कारण कर्ज चांगले की वाईट हे घेणाऱ्याच्या हातात किती पैसा आहे यावर अवलंबून असते. सदनिकेची किंमत ४५ लाख होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपेक्षा जास्त आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देऊ शकते, त्यामुळे ३६ लाख कर्ज मिळाले आणि ९ लाख स्वतःचे घालावे लागले. पण ९ लाखांवर भागत नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरली जात नाहीत, ती पूर्ण आपल्या खिशातून जातात. त्या वर्षी जानेवारी ते मार्च या काळात राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात २ टक्क्यांची सवलत दिली होती, आणि इमारत पूर्ण होऊन तिला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहण्यायोग्य असल्याचा दाखला, मिळालेला असल्यामुळे जीएसटी लागला नाही. तरीही शुल्क, ३० हजार रुपये नोंदणी फी, वकिलाची फी, बँकेचे प्रक्रिया शुल्क आणि सोसायटीत भरायची रक्कम मिळून पावणेतीन लाखांच्या आसपास खर्च झाला. हे पैसे आम्ही सहा वर्षे आवर्ती ठेवीत आणि पत्नीच्या कार्यालयातल्या भिशीत साठवले होते. कमी पडणाऱ्या रकमेसाठी वैयक्तिक कर्ज घ्या, असे एका दलालाने सुचवले होते. ते आम्ही मान्य केले नाही आणि आजही तो निर्णय योग्य वाटतो. घराचा हप्ता सुरू होण्याआधीच त्याच्या दुप्पट दराचा दुसरा हप्ता मागे लागला असता, तर पुढे लिहिले आहे ते काहीच आम्हाला जमले नसते.

प्रधानमंत्री आवास योजनेचे व्याज अनुदान मध्यम उत्पन्न गटासाठी ३१ मार्च २०२१ पर्यंत खुले होते, त्यामुळे ते घेतले का, असा प्रश्न वाचकांना पडेल. ते आम्हाला मिळण्यासारखे नव्हते, कारण कुटुंबात कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्के घर नसावे अशी त्याची अट होती आणि गावाकडच्या वडिलोपार्जित घराच्या उताऱ्यावर माझे नाव आहे. शहरात पहिले घर घेणाऱ्या अनेकांची हीच स्थिती असते, आणि शपथपत्रात ही गोष्ट लपवू नये.

कर्ज मंजूर होण्याचा भाग समाधानकारक होता. अर्ज दिल्यापासून धनादेश हाती येईपर्यंत ३४ दिवस लागले. बँकेच्या वकिलाने मागच्या ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, केला, मूल्यांकन करणारे गृहस्थ प्रत्यक्ष येऊन मोजमाप घेऊन गेले, गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेरावरील नोंद आणि भोगवटा प्रमाणपत्र पडताळून पाहिले गेले. ही तपासणी बँक स्वतःच्या रकमेच्या काळजीपोटी करते, पण तिचा लाभ आपल्यालाही होतो. आमच्या बाबतीत करारनाम्यातल्या पार्किंगच्या उल्लेखातली चूक बँकेच्या वकिलांच्याच नजरेस आली आणि नोंदणीपूर्वी दुरुस्त झाली.

याच टप्प्यावर शाखेतील एका अधिकाऱ्यांनी कर्जाला जोडलेला विमा सक्तीचा असल्याचे सांगितले. एकरकमी हप्ता १ लाख रुपयांच्या जवळ होता आणि तो कर्जातच मिळवला जाणार होता. असा विमा बँकेमार्फतच घेतला पाहिजे असा कोणताही नियम नाही. हा नियम लेखी दाखवा, अशी नम्रपणे विनंती केल्यावर तो विषय पुन्हा निघाला नाही. मोठे कर्ज डोक्यावर असताना आयुर्विमा हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि आम्ही दोघांनीही वेगळा मुदत विमा काढला. पण १ लाखाचा विमा हप्ता ७ टक्के दराने २० वर्षांच्या कर्जात मिसळला तर त्याचे १ लाख ८६ हजार रुपये भरावे लागतात, हे सहीच्या गडबडीत कोणी सांगत नाही.

आता मूळ योजनेकडे. पहिले वर्ष आमच्यासाठी निव्वळ तोट्याचे होते. सगळी बचत घरात गेली होती आणि कर्जखात्यात ठेवायला हाताशी साधारण ६० हजार रुपये होते. त्यावर वर्षात ४ हजार २०० रुपये व्याज वाचले, आणि पाव टक्का जास्त दराने मोजलेले व्याज मात्र ९ हजारांच्या जवळपास होते. हा हिशेब मी त्या वर्षाच्या शेवटी केला, तो खरे तर अर्ज भरण्यापूर्वी करायला हवा होता. हेच पैसे बचत खात्यात पडून राहिले असते तर त्यावर ३ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळाले असते, म्हणजे कर्जखात्यात ठेवल्याने प्रत्येक रुपयामागे खरा फायदा ४ टक्क्यांचाच. त्या हिशेबाने ३६ लाखांच्या कर्जात वर्षाचे ९ हजार भरून निघण्यासाठी सरासरी सव्वादोन लाख रुपये वर्षभर खात्यात राहिले पाहिजेत. व्याजदर वाढला की ही रक्कम कमी होते. साडेनऊ टक्के दर असताना १ लाख ४० हजार रुपयांनीही ते भागत होते. ज्यांच्याकडे पहिली दोन-तीन वर्षे एवढी रक्कम राहण्याची शक्यता नाही, त्यांनी साधे गृहकर्ज घ्यावे आणि थोडे थोडे जास्तीचे मुद्दल भरत जावे. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड आकारता येत नाही, हे लक्षात घेतले तर साधे कर्जही बरेच लवचीक असते.

दुसऱ्या वर्षी आम्ही दोघांचेही पगार १ तारखेला कर्जखात्यात वळते करण्याची सूचना बँकेला दिली आणि महिन्याचा खर्च लागेल तसा काढू लागलो. किराणा, शाळेची फी, विजेचे बिल यांचे पैसे महिनाभरात हळूहळू बाहेर जातात, तोपर्यंत ते व्याज वाचवत राहतात. शिवाय वार्षिक बोनस आणि एका मोडलेल्या मुदत ठेवीचे पैसे आले. मुदत ठेवीवर मिळणारे व्याज करपात्र असते, कर्जखात्यात वाचलेल्या व्याजावर कर नसतो. म्हणून कर्जाच्या दरापेक्षा ठेवीचा दर थोडा कमी असला तरी प्रत्यक्षातला फरक दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. हे कळल्यावर घरात दुसरी कोणतीही ठेव ठेवण्याचे कारण उरले नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयाने आदल्या संध्याकाळी अनामत मागितली आणि विम्याची मंजुरी अजून आली नव्हती. १ लाख ८० हजार रुपये मी रुग्णालयाच्या आवारात उभ्या उभ्या कर्जखात्यातून काढले. ना कोणापुढे हात पसरावे लागले, ना सोने गहाण ठेवावे लागले, ना वैयक्तिक कर्जाचा अर्ज करावा लागला. साध्या कर्जात हेच पैसे जास्तीचे मुद्दल म्हणून भरून टाकले असते तर त्या संध्याकाळी ते आमच्या उपयोगाचे नव्हते. पाव टक्क्यात काय विकत मिळते, याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले, आणि त्यानंतर त्या पाव टक्क्याबद्दल मी तक्रार केलेली नाही.

याच काळात या सेवेतला सर्वांत मोठा दोषही समोर आला. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ पासून रेपो दर वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. ऑक्टोबर २०१९ नंतरची बँकांची बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली असतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा त्यांचा दर बदलतो, त्यामुळे आमचा दर पाहता पाहता साडेनऊ टक्के झाला. हप्ता मात्र २७ हजार ९११ रुपयेच जात राहिला आणि आम्ही निश्चिंत राहिलो. एप्रिल २०२३ मध्ये आयकरासाठी व्याजाचे प्रमाणपत्र काढले तेव्हा खात्याची मर्यादा महिन्याला जेमतेम सहाशे रुपयांनी खाली येत असल्याचे लक्षात आले. मर्यादेइतक्या साडेचौतीस लाखांवर महिन्याचे व्याजच २७ हजार ३०० रुपयांच्या घरात गेले होते. त्याच हप्त्याने आणि त्याच दराने चालत राहिलो असतो तर कर्ज फिटायला आणखी ४० वर्षे लागली असती, आणि माझे वय तेव्हा ३७ होते.

हप्ता तसाच ठेवून बँकेने मुदत लांबवली होती. दर बदलल्याचे लघुसंदेश आले होते, पण त्याचा मुदतीवर काय परिणाम झाला याचा एक शब्दही कोणत्याही संदेशात नव्हता. मुदत मूळच्या तारखेलाच संपावी म्हणून हप्ता ३३ हजार ४०० करून द्यावा, असा अर्ज आम्ही केला. त्यासाठी शाखेत तीन खेपा झाल्या, कारण शाखा गृहकर्ज केंद्राकडे बोट दाखवत होती आणि केंद्र शाखेकडे. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्या किती जणांना हा प्रकार कळला असेल, याची मला तेव्हाही खंत वाटली आणि आजही वाटते, कारण हप्ता वाढला नाही याचा अर्थ आपले काही बिघडले नाही, असेच कोणालाही वाटेल.

१८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने याच विषयावर परिपत्रक काढले, आणि जुन्या कर्जदारांनाही त्या वर्षअखेरपर्यंत पर्याय कळवणे बँकांवर बंधनकारक झाले. दर वाढल्यावर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे ठरवण्याची मुभा आता कर्जदाराला मिळायला हवी, आणि भरलेले मुद्दल, भरलेले व्याज, उरलेले हप्ते व वार्षिक दर सांगणारे सोपे पत्रक दर तिमाहीला त्याला उपलब्ध झाले पाहिजे. आमच्या बँकेचे हे पत्रक तेव्हापासून मिळते आणि ते खरोखर समजण्यासारखे आहे. ज्यांना ते मिळत नसेल त्यांनी शाखेत लेखी मागावे. माझ्या मते त्यातला उरलेल्या हप्त्यांचा आकडा हप्त्याच्या रकमेपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे आणि दर तीन महिन्यांनी तो पाहिलाच पाहिजे.

बँकेच्या मोबाइल ॲपबद्दलही एक गंभीर आक्षेप आहे. त्यात कर्जखात्याची मर्यादा आणि प्रत्यक्ष येणे, म्हणजे बँकेला आपण खरोखर देणे लागतो ती रक्कम, यांतला फरक 'उपलब्ध शिल्लक' म्हणून ठळक दाखवला जातो. ती शिल्लक कर्ज फेडण्यासाठी आपण बाजूला ठेवलेली रक्कम असते, आणि ती काढली की त्या दिवसापासून तिच्यावर गृहकर्जाचे व्याज लागते. २०२४ च्या दिवाळीत नवीन दुचाकीसाठी आम्ही त्यातून १ लाख १० हजार रुपये काढले, आणि वेगळे वाहनकर्ज घेतले नाही याचे समाधान मानले. पण वाहनकर्ज घेतले असते तर ते तीन वर्षांत फिटलेच असते, आणि या खात्यात ती रक्कम परत भरण्याची आठवण कोणीही करून देत नाही. त्यानंतर आम्ही एक नियम केला की मोठी रक्कम काढली तर तिचा हप्ता आपणच ठरवायचा आणि तो दर महिन्याच्या ५ तारखेला आपोआप परत जमा होईल अशी सूचना बँकेला द्यायची. ज्या घरात खर्चावर दोघांचे एकमत नाही किंवा नातेवाइकांना उसने देण्याचा आग्रह टाळता येत नाही, त्या घराने हे कर्ज घेऊ नये असे मी स्पष्टपणे सांगेन. तिथे साध्या कर्जाची बंद झालेली दारे अधिक सुरक्षित आहेत.

मर्यादा खाली येत जाते ही गोष्टही विसरू नये. आज साडेसहा लाख काढता येतात म्हणून मुलांच्या शिक्षणासाठी बारा वर्षांनंतर तेवढेच काढता येतील, असे नाही. मुदतीच्या शेवटी मर्यादा शून्यावर येते आणि त्याबरोबर ही सोयही संपते.

सध्याची स्थिती अशी आहे. २०२५ मध्ये रेपो दर टप्प्याटप्प्याने कमी होऊन डिसेंबरमध्ये सव्वापाच टक्क्यांवर आला आणि आमचा दर सव्वाआठ झाला. दर उतरला तरी आम्ही हप्ता कमी करून घेतला नाही. मर्यादा ३२ लाखांच्या आसपास आहे, प्रत्यक्ष येणे साडेपंचवीस लाख आहे, आणि मधल्या साडेसहा लाखांमुळे वर्षाला ५३ हजार रुपयांहून अधिक व्याज वाचते. पाच वर्षांचा एकूण हिशेब आमच्या बाजूने झुकला आहे, पण तो झुकवणारी शेवटची तीन वर्षे आहेत.

एक काम अजून बाकी आहे. याच बँकेच्या याच योजनेत नव्या ग्राहकाला आज ८ टक्क्यांच्या आत दर मिळतो, कारण रेपोवर लावले जाणारे ३ टक्के आता नव्यांसाठी कमी केले आहेत आणि जुन्यांना ते आपोआप लागू होत नाहीत. शुल्क भरून रेपोवरचे हे ३ टक्के कमी करून घेण्याचा अर्ज आम्ही गेल्या आठवड्यात दिला आहे. दुसऱ्या बँकेत कर्ज हलवले तर नवे प्रक्रिया शुल्क, नवा सर्च रिपोर्ट आणि तारणाच्या दस्तावर पुन्हा मुद्रांक शुल्क, हे सगळे नव्याने आले असते, म्हणून आधी हाच मार्ग धरला. अर्ज घेताना अधिकाऱ्यांनी विचारले की साध्या गृहकर्जात बदलून घेता का, त्यात आणखी पाव टक्का कमी होईल. आकड्यांनी पाहिले तर त्यांचे म्हणणे रास्त होते. पण सासूबाईंच्या दुसऱ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया जूनमध्ये ठरली आहे, त्यामुळे निदान तोपर्यंत खाते आहे तसेच ठेवत आहोत.